मागचा ब्रेक आणि पोराचा पगार

जांबोटीच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून दोनेक किलोमीटर आत माझ्या अक्काचे शेत आहे. काजूची बाग, खालच्या अंगाला भात आणि मधून वाहणारा एक नाला. कोरोनाचा काळ सरल्यावर दाजींनी तिथे चार खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांसाठी जेवणाखाण्याची सोय केली. शनिवार-रविवारी बेळगाव, हुबळीकडची मंडळी येतात, चोर्ल्यामार्गे गोव्याला जाणारीही एखाददुसरी मोटार वळते. मुलांना काहीतरी हवे म्हणून दाजींनी दोन एटीव्ही घेतल्या, त्याही जुन्याच. मोटरसायकलसारखे हँडल, तशीच बैठक, पण खाली चार जाड, फुगीर चाके. पाहुणे तिला क्वाड बाईक म्हणतात, आमचे वडील हयात असते तर ‘चार चाकांची फटफटी’ म्हणाले असते. रस्त्यावर न्यायची ही गाडी नव्हे. काजूच्या बागेतून आखलेली वाट, नाल्याचा उतार, पलीकडचा चढ आणि परत, एवढाच तिचा फेरा.

गाड्या सांभाळायला एक पोरगा आहे. वय एकोणीस, बैलहोंगलकडचा. त्याची आई अक्काच्या स्वयंपाकघरात रोट्या करते. पोराची मराठी मोडकी, दाजींची कन्नड त्याहून मोडकी, पण शेताच्या कामात दोघांचे अडत नव्हते. पुढच्या गाडीवर वाट दाखवायला हा पोरगा आणि मागच्या गाडीवर पाहुणे, अशी पद्धत.

२०२५ च्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो, तेव्हा अक्काचा चेहरा उतरलेला होता. चहा हातात देता देता म्हणाली, “त्या पोराचा पगार कापलाय ह्यांनी. दोनदा. त्याची आई कालपासून माझ्याशी बोलत नाही.”

दाजी अंगणातच होते. मी विषय काढताच त्यांनी शेडमधून एक डबा आणून माझ्यासमोर पालथा केला. आत ब्रेकचे झिजलेले पॅड. दिवाळीपासून तीन जोड्या संपल्या होत्या आणि चौथी नुकतीच बसवली होती. सगळ्या पुढच्या गाडीच्या, सगळ्या मागच्या ब्रेकच्या. “मास्तर, तुम्हीच सांगा. गेल्या वर्षी एक जोडी अख्खा हंगाम गेली. आता तीन आठवड्यांत लोखंडाला लोखंड लागतंय. जोडीला बाराशे रुपये. गाडी चालवतो कोण? तोच. दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून बसत असणार. मग निम्मे त्याच्याकडून घेतले तर माझं काय चुकलं?”

पोरगा खांबाआड उभा होता. त्याने एवढेच म्हटले, “ब्रेक म्याल काल इडंगिल्लरी सर.” आणि मान खाली घातली.

दाजींचा तर्क वरवर पाहता बरोबर होता, हे मान्य केले पाहिजे. उजव्या पायाखाली मागच्या ब्रेकचा पेडल असतो. नवशिका किंवा घाबरट माणूस त्यावर पाय टेकवून बसतो, पॅड डिस्कला सतत हलके घासत राहतात आणि महिन्याचे आयुष्य आठवड्यात संपते. आपल्याकडे मोटरसायकलवर कितीतरी माणसे अशीच बसतात. मागून जाताना पाहा, ब्रेकचा लाल दिवा सरळ रस्त्यावरही पेटलेला असतो. पण ‘असणार’ या शब्दावर कुणाचा पगार कापणे मला पटेना. मी वर्गात इतिहास शिकवतो, तिथे साक्षीदाराच्या बोलण्याआधी कागद पाहायची सवय लागते. इथे कागद म्हणजे डब्यातले ते सहा पॅड.

वडील उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांचा व्हर्नियर माझ्याकडे आहे, शिवाय रविवारी घरची गाडी उघडून बसायची त्यांची खोडही थोडी माझ्यात उतरली आहे. पॅड हातात घेऊन पाहिले. प्रत्येक जोडीतला आतला आणि बाहेरचा पॅड जवळजवळ सारखाच झिजलेला. कडेने तिरपा नाही, एका टोकाला जास्त नाही, सपाट. मात्र कडा काळपट निळसर, भाजल्यासारख्या.

या दोन गोष्टी पुष्कळ सांगून जातात. डिस्कब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा चिमटा असतो. आतल्या बाजूचा पिस्टन एक पॅड डिस्कवर दाबतो आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही दाबून धरतो. पिना गंजल्या किंवा चिखलाने अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. मग बहुधा आतला पॅड खाल्ला जातो आणि बाहेरचा तसाच राहतो, किंवा पॅड तिरके झिजतात. इथे तसे नव्हते, म्हणजे पिनांवर फारसा संशय घेण्याचे कारण नाही. दोन्ही पॅड सारखे झिजले आणि तापले, याचा अर्थ ब्रेक दोन्हीकडून नीट दाबला जात होता, फक्त नको इतका वेळ. तो वेळ पायामुळे की आणखी कशामुळे, एवढाच प्रश्न उरला.

दुसरा संशयित आमची माती. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातली ही जांभ्याची तांबडी माती. कोरडी असताना पिठासारखी उडते, ओली झाली की चिकटून बसते. वाटेत धूळ आणि नाल्यात पाणी, म्हणजे पॅड आणि डिस्क यांच्यात सहाणेवर उगाळल्यासारखा लेप तयार होतो. या गाडीला मागे एकच आडवा दांडा, त्यावर एकच डिस्क, तीही खाली, चिखलाच्या तोंडावर. डांबरी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा इथे पॅड लवकर जाणारच. पण माती गेल्या वर्षीही हीच होती आणि मागची गाडी याच वाटेने जात होती. तिचे पॅड दिवाळीपासून तेच होते. त्यामुळे मातीला मी जोडीदार मानले, मुख्य आरोपी नाही.

मग आम्ही गाडी तपासली. मागची बाजू जॅकवर घेऊन खाली दगड लावले, गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि चाक हाताने फिरवले. मोकळे फिरले, नाव ठेवायला जागा नाही. पार्किंग ब्रेकची वायर ढिली होती, म्हणजे तीही अडकलेली नव्हती. डिस्क वाकडी नाही, दांड्याच्या बेअरिंगला हालचाल नाही. दाजी कमरेवर हात ठेवून उभे. “बघा, गाडीत काही नाही. मी सांगत होतोच.”

खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही वाटले की दाजी बरोबर असावेत. पोराने माझ्याकडे पाहिले आणि मी नजर चुकवली.

निघताना मात्र एक सुचले. म्हटले, “दाजी, एक आठवडा गाड्यांची अदलाबदल करा. पोरगा मागची गाडी घेऊ दे. ही पुढची तुम्ही स्वतः चालवा, फेऱ्या तेवढ्याच. पाय ब्रेकवर ठेवत नाही ना तुम्ही?” दाजींना हे आव्हानच वाटले असावे, लगेच हो म्हणाले. जाण्याआधी दोन्ही गाड्यांचे मागचे पॅड काढून व्हर्नियरने मापले. पुढच्या गाडीच्या नव्या जोडीवर घर्षणाचा थर ३.८ मिलिमीटर, मागच्या गाडीच्या जुन्या जोडीवर २.६. आकडे पोराने सिमेंटच्या भिंतीवर खडूने लिहिले, कन्नड अंकांत.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा पोराने चालवलेल्या गाडीचे पॅड २.५ होते. दाजींनी चालवलेल्या गाडीचे २.४.

दाजींच्या आठ दिवसांत १.४ मिलिमीटर उडाले होते. भिंतीवरचे आकडे त्यांनी तीनदा वाचले. मी काही बोललो नाही, पण अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “मग आता तुमचा पगार कोण कापणार?”

झीज माणसाबरोबर गेली नाही, गाडीबरोबर राहिली. पण सकाळी चाक मोकळे फिरते, मग घासतेय कुठे? इथे माझी अक्कल संपली. खानापूरचे एक वयस्कर मेस्त्री आहेत, चाळीस वर्षे गाड्यांत हात काळे केलेले. त्यांना फोन केला. सगळे ऐकून ते म्हणाले, “सर, थंड गाडीला काय विचारता? ताप चढलेल्या माणसाला तपासायचं तर ताप असताना तपासा.” आणि दुपारी स्वतः स्कूटर मारत आले.

त्यांनी पोराला नाल्यापर्यंत सलग चार फेऱ्या मारायला लावल्या. परतल्यावर गाडी थेट जॅकवर. सकाळी मोकळे फिरणारे चाक आता दोन्ही हातांनीही जेमतेम हलत होते. मेस्त्रींनी पाण्यात बोटे बुडवून चार थेंब डिस्कवर शिंपडले, चुर्र करून वाफ झाली. “बिसी ऐतरी,” पोरगा म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जोर होता. (डिस्कला बोट लावून कुणी पाहू नये. कातडी तिथेच राहील.)

मग मेस्त्रींनी जे केले ते प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॅलिपरवर तेल आणि हवा काढण्यासाठी एक छोटी निपल असते. तिला पारदर्शक नळी लावून त्यांनी पान्याने अर्धा आटा सैल केली. नळीतून पिचकारीसारखे थोडे तेल आले आणि त्याच क्षणी चाक सुटले. “हे बघा. कुणाचाही पाय पेडलवर नाही आणि तरी आत प्रेशर. निपल खोलूनही चाक सुटलं नसतं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना बघितल्या असत्या. सुटलं, म्हणजे वर मास्टर सिलिंडरला तेल परत घ्यायला वाट नाही.”

पेडल दाबला की एक छोटा पुशरॉड मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, तेल दाबले जाते आणि पॅड डिस्कला लागतात. पाय काढला की पिस्टन मागे येतो आणि टाचणीच्या टोकाएवढे एक भोक उघडते. त्यातून जादा तेल वरच्या कपात परत जाते. ब्रेक लावला की तेल तापते आणि फुगते, त्या फुगवट्यालाही हेच भोक वाट देते. पण पुशरॉड इतका लांब करून ठेवला असेल की पाय काढल्यावरही तो पिस्टनला किंचित ढकललेलाच ठेवतो, तर भोक उघडतच नाही. तेल तापते, फुगते, बाहेर जायला जागा नाही, म्हणून पॅडच दाबते. पॅड घासतात, आणखी तापतात, तेल आणखी फुगते. सगळे निवले की दाब उतरतो आणि सकाळी चाक निष्पापपणे मोकळे फिरते. आमची पहिली तपासणी फसली ती यामुळे.

मेस्त्रींनी पेडल हाताने हलवला. त्याला प्लेच नव्हता, स्पर्श होताच ब्रेक. पुशरॉडच्या लॉकनटावर पान्याचे ताजे ओरखडे होते. “हा नट कुणी फिरवला?”

शेडमध्ये शांतता पसरली. पोरगा जमिनीकडे बघत होता. थोड्या वेळाने दाजी घसा खाकरून म्हणाले, “दिवाळीच्या आधी एक पाहुणे म्हणाले, पेडल फार खाली जातो. लेकरं बसतात गाडीवर. म्हणून मीच जरा टाइट केला.”

दाजींच्या या उत्तरात निष्काळजीपणा नव्हता, उलट काळजीच होती. त्यांची सगळी हयात राजदूत आणि स्प्लेंडरवर गेली. त्या गाड्यांच्या मागच्या चाकाला ड्रमब्रेक. लायनर झिजले की पेडल खाली जातो, मग चाकाजवळच्या दांडीचा नट दोन फेरे आवळायचा. आपल्या घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना ही विद्या पाठ असते आणि ड्रमब्रेकसाठी ती योग्यच आहे. डिस्कब्रेकला मात्र असे आवळायचे नसते. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचे रबरी सील पाय काढल्यावर पिस्टनला केसभर मागे ओढते, आणि पॅड झिजला की पिस्टन सीलमधून तेवढाच पुढे सरकून बसतो. झिजेची भरपाई तो स्वतःच करतो. कपातले तेल हळूहळू खाली उतरते, तीच झिजेची खूण. म्हणून तेल कमी दिसले की नुसते वरून भरू नये, आधी पॅड पाहावेत.

मग पेडल खाली का जात होता? मेस्त्रींनी कपाचे झाकण काढले. तेल चहाच्या रंगाचे झाले होते. गाडी घेतल्यापासून कुणी बदललेच नव्हते आणि नळीत हवा धरली होती. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा धरल्यावर तो १५५ पर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. एकीकडे असे जुने तेल आणि दुसरीकडे सतत घासून तापणारा ब्रेक. उतारावर तेल उकळले असते तर नळीत वाफ भरली असती आणि पेडल थेट खाली गेला असता. वाफ दाबली जाते, तिच्याने पॅड दाबला जात नाही. पोरगा पुढच्या गाडीवर असायचा आणि नाल्याच्या उताराला त्याच्या पुढे मोकळे खडक. बाराशे रुपयांच्या भांडणात हे कुणाच्याच मनात आले नव्हते. अक्काला मी ते त्या दिवशी सांगितलेही नाही.

दुरुस्तीला तास-दीड तास लागला. मेस्त्रींनी पुशरॉड मागे घेऊन पेडलला काही मिलिमीटर मोकळी चाल ठेवली, जुने तेल काढून नवे डॉट ४ भरले आणि हवा काढली. कॅलिपरच्या पिना काढून पुसल्या. त्या चालत होत्या, पण कोरड्या पडायला लागल्या होत्या. दाजींनी साध्या ग्रीसचा डबा पुढे केला तेव्हा मेस्त्रींनी हात धरला, साध्या ग्रीसने तिथले रबर फुगते. त्यांनी पिशवीतून सिलिकॉन ग्रीसची ट्यूब काढली. फेरी झाल्यावर गाडी जोराच्या फवाऱ्याने धुवायची पद्धत होती, तीही बंद करायला सांगितली. त्या फवाऱ्याने पिनांचे ग्रीस निघून जाते आणि माती आत घुसते. साध्या पाइपने, लांबून धुवा, म्हणाले. पोरालाही एक गोष्ट सुनावली, तीही कन्नडमध्ये: नाल्याच्या उताराला गिअर खाली घे, सगळा भार ब्रेकवर टाकू नको. पोराने मान डोलावली. म्हणजे तोही अगदीच धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण त्या चुकीने पॅड तीन आठवड्यांत संपत नाहीत.

तुमच्या दारातल्या मोटरसायकलला मागे डिस्क असेल तर हाच क्रम लागू आहे. चाक थंड असताना फिरवा, दोनचार किलोमीटर जाऊन आल्यावर पुन्हा फिरवा. फरक मोठा वाटला तर गॅरेजमध्ये जाऊन “पॅड बदला” म्हणू नका, “ब्रेक का सुटत नाही ते बघा” म्हणा. नवा पॅड घालून देणे सोपे असते, त्यामुळे बरीच गॅरेजे तेवढेच करतात आणि आपणही तेवढेच मागतो. दाजींनी तीनदा मागितले होते.

संध्याकाळी मेस्त्री चहा पिऊन गेले, पैसे घ्यायला तयार नव्हते. दाजी बराच वेळ ओसरीवर बसून होते. मग आत गेले, कपाटातून पाकीट काढले आणि स्वयंपाकघरात गेले, पोराकडे नाही, त्याच्या आईकडे. काय बोलले ते मला नीट ऐकू आले नाही. त्यांची कन्नड तेवढी पुरणार नव्हती, म्हणून मधूनच अक्काला हाक मारत होते. मला ऐकू आला तो फक्त “तप्पु नंदु” हा तुकडा. बाईंनी पाकीट घेतले, मोजले नाही, आणि तव्यावरची रोटी उलटली. त्या रात्री माझ्या ताटात दोन रोट्या जास्त आल्या.

व्हर्नियर मी तिथेच ठेवून आलो. वडिलांची वस्तू हातावेगळी करणे जड गेले, पण पोराने ती ज्या तऱ्हेने फडक्यात गुंडाळली ते पाहून परत मागवेना. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी पुन्हा गेलो. शेडच्या भिंतीवरचे खडूचे आकडे पुसून गेले होते. त्याऐवजी खिळ्याला एक वही टांगलेली होती, दर पंधरा दिवसांची तारीख आणि मापे. पुढच्या गाडीची ती चौथी जोडी अजून चालू होती. जानेवारीत २.४ असलेला आकडा मेअखेरीला १.५ वर आला होता, आणि त्यासमोर पोराने कन्नडमध्ये लिहून ठेवले होते की १ ला बदलायचे. खालची सही मात्र मराठीत होती. दाजींची.